कोपराला कुठली प्लेट लावायची? नव्या रजिस्ट्रार मंडळींसाठी

संध्याकाळी इम्प्लांटवाल्याचा फोन येतो, "सर, उद्याच्या एल्बोला कुठला सेट पाठवू?" आणि आपण ओपीडीच्या गर्दीत बोलून जातो, "सगळंच पाठव रे." मीपण कितीतरी वर्षं हेच केलंय. मग सकाळी ओटीत चार ट्रे उघडे, सिस्टरचं तोंड वाकडं, टुर्निकेचा (दंडाला आवळलेल्या पट्ट्याचा) टाइम सुरू झालेला आणि आपण आत्ता ठरवतोय की पोस्टरोलॅटरल (मागून-बाहेरून) लावू का डायरेक्ट लॅटरल (थेट बाहेरून). असं नका करू. प्लेट आदल्या रात्री ठरते, एक्सरेवर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने, आणि ते जमत नसेल तर निदान मोबाइलवर सीटीचे फोटो मोठे करून बघत बघत.

माझे एक सर होते, राउंडला पोस्ट-ऑप एक्सरे बघितला की एकच प्रश्न विचारायचे, "उद्या सकाळी हा हात हलवशील का?" कोणी म्हणालं की सर, तीन आठवडे स्लॅब ठेवू मग बघू, तर ते म्हणायचे, "मग स्लॅब कालच लावायचा ना, कापलं कशाला?" तेव्हा राग यायचा, पण कोपराच्या प्लेटिंगचं सगळं शास्त्र त्या एका प्रश्नात आहे हे नंतर कळलं. हाड जुळलं पण कोपर 60 अंशांवर लाकडासारखं झालं तर पेशंटच्या लेखी ऑपरेशन फेलच. रोजच्या कामाला साधारण 30 ते 130 अंशांपर्यंत वाकणं लागतं, आणि हात दोन्ही बाजूंना 50-50 अंश फिरावा लागतो, म्हणजे घास तोंडाशी जातो, वेणी घालता येते, फोन कानाला लागतो. तर प्लेट निवडताना कसोटी हीच ठेवायची, की हे फिक्सेशन घेऊन उद्या हलवायची माझी हिंमत आहे का.

आधी फोटो नीट काढा. स्लॅबमधला वाकड्या हाताचा एक्सरे बघून काही ठरवू नका, त्यात दोन तुकडे दिसतात आणि आत निघतात सात. सांध्यात गेलेलं फ्रॅक्चर असेल तर सीटी करा, थ्रीडी मागा, आणि रेडिओलॉजीवाल्याला सांगा की रेडियस-अल्ना (पुढच्या हाताची दोन हाडं) वजा करून नुसतं ह्युमरसचं, म्हणजे दंडाच्या हाडाचं, टोक दाखव, मग ट्रॉक्लियाचे (त्या टोकावरच्या रिळासारख्या सांध्याच्या भागाचे) खरे हाल कळतात. सीटीची सोय नसेल तर पेशंट झोपल्यावर हात हलका ओढून सी-आर्ममध्ये (ओटीतल्या चालत्या एक्सरेत) ट्रॅक्शनचा फोटो घ्या, फुकटात होतो आणि फार काही सांगून जातो.

आता ह्युमरसचं खालचं टोक. हे मी जरा सविस्तर सांगणार कारण सगळ्यात जास्त माती इथेच होते. खालचा ह्युमरस म्हणजे दोन खांब आणि मधे आडवी तुळई, खांब म्हणजे मीडियल (आतला) आणि लॅटरल (बाहेरचा) कॉलम, तुळई म्हणजे ट्रॉक्लिया. तीनपैकी एकही बाजू सैल राहिली की त्रिकोण डुगडुगतो. म्हणून सांध्यात गेलेल्या फ्रॅक्चरला, एओ वर्गीकरणात 13-सी म्हणतो ते (सी-1 सोपं, सी-3 सगळ्यात चुरलेलं), दोन प्लेट लागतात, एकीवर भागत नाही, आणि दोन वायर टाकून वर स्लॅब हा प्रकार तर विसराच. वन-थर्ड ट्युब्युलर प्लेट तर इथे मुळीच नको, ती वाकते, मी वाकलेली काढलीये. 3.5 मिमीची रिकन (रिकन्स्ट्रक्शन) प्लेट चांगल्या हाडात एखाद्या सोप्या सी-1 ला चालून जाईल, पण आता आकार दिलेल्या लॉकिंग प्लेट बहुतेक ठिकाणी मिळतात, त्या घ्या. सांध्याच्या वरचं, शाफ्टच्या खालच्या तिसऱ्या भागातलं, सांध्यात न गेलेलं फ्रॅक्चर असेल तर मागून लावायची एक लांब प्लेट, खाली लॅटरल कॉलमवर वळणारी, ती पुरते, फक्त रेडियल नर्व्ह शोधून, बघून, प्लेटच्या कुठल्या भोकासमोरून जातेय ते ऑपरेशन नोट्समध्ये लिहून ठेवा, म्हणजे पुढे प्लेट काढणारा तुम्हाला दुवा देईल.

दोन प्लेटची मांडणी कशी, हा वायवामधला लाडका प्रश्न. एक पद्धत 90-90, मीडियल प्लेट कडेला आणि लॅटरल कॉलमवरची मागून. दुसरी पॅरलल, दोन्ही प्लेट दोन कडांना, समोरासमोर. लॅबमधल्या बऱ्याच टेस्टमध्ये पॅरलल जास्त ताठ निघते, पण पेशंटमध्ये दोन्हींचे निकाल जवळपास सारखेच येतात, त्यामुळे यावरून कॉन्फरन्समध्ये भांडणारे लोक मला जरा करमणूकच वाटतात. ठरवायचं फ्रॅक्चरवरून. फ्रॅक्चर फार खाली असेल, खालच्या तुकड्यात स्क्रूला जेमतेम जागा असेल, हाड म्हातारं असेल तर पॅरलल, कारण दोन्हीकडून लांबलचक स्क्रू येऊन एकमेकांत बोटं गुंतवल्यासारखे अडकतात आणि कमान तयार होते. ओड्रिस्कॉल या कोपराच्या सर्जनचा नियमच आहे की खालच्या तुकड्यातला प्रत्येक स्क्रू प्लेटमधून गेला पाहिजे, होईल तितका लांब पाहिजे, आणि पलीकडे ज्या तुकड्यात शिरतो तो तुकडाही पलीकडच्या प्लेटने धरलेला पाहिजे. उलट कॅपिटेलमचा (ह्युमरसच्या टोकाच्या बाहेरच्या गोल भागाचा) समोरचा भाग आडवा कापला गेलाय किंवा लॅटरल कॉलम मागून चुरलाय, तर 90-90 बरी, कारण पोस्टरोलॅटरल प्लेट मागून टेकू देते आणि तिच्यातले मागून पुढे जाणारे स्क्रू तो समोरचा तुकडा पकडतात. कॅपिटेलमच्या मागच्या बाजूला कार्टिलेज नसतं म्हणून ही प्लेट बरीच खाली सरकवता येते, फक्त स्क्रूची लांबी मोजून घ्या, समोरून टोक बाहेर आलं तर रेडियल हेडला (रेडियसच्या वरच्या गोल टोकाला) ते रोज खरवडणार. डायरेक्ट लॅटरल प्लेट लावताना बाहेरच्या लिगामेंटचं मूळ सोलून काढू नका, प्लेट बसली आणि कोपर निखळलं असं व्हायला नको.

एक बारीक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. ट्रॉक्लियाचे दोन तुकडे असतील तर लॅग स्क्रूने (तुकडे एकमेकांवर दाबणाऱ्या) खुशाल आवळा, पण मधे चुरा असेल आणि तुम्ही लॅग मारलात तर ट्रॉक्लिया अरुंद होते आणि ओलेक्रेनॉनची (अल्नाच्या कोपरामागच्या टोकाची) खाच तिच्यावर नीट बसतच नाही. अशा वेळी पूर्ण आटे असलेला स्क्रू, रुंदी राखून, न आवळता. मधली जागा अगदीच रिकामी वाटली तर इलियक क्रेस्टचा (कंबरेच्या हाडाच्या कडेचा) छोटा तुकडा घाला. वरचा सुप्राकॉन्डिलर भाग चुरलाय तर तिथे मात्र थोडं आखूड करून घट्ट दाबलेलं चालतं, 1 सेंमीपर्यंत काही बिघडत नाही, फक्त ओलेक्रेनॉन आणि कोरोनॉइडला (अल्नाच्या पुढच्या चोचीला) शिरायला खड्डा मोकळा करून द्यायचा. जिथे हाड जुळत नाही ती जागा बहुतेक वेळा ही वरचीच असते, सांधा नव्हे, हे लक्षात ठेवा. आणि दोन्ही प्लेट वरती एकाच पातळीवर संपवू नका, एक लांब एक आखूड, नाहीतर नेमका तिथेच पुन्हा मोडतो. शेवटी खड्ड्यात बोट घालून बघा, एखादा स्क्रू आडवा जात असेल तर हात सरळ होणार नाही, मग फिजिओवाल्याला कितीही शिव्या द्या.

अल्नर नर्व्ह (कोपराच्या आतल्या कडेने जाणारी) सगळ्यात आधी. ती शोधल्याशिवाय फ्रॅक्चरला हात लावायचा नाही. लूप टाकला की त्याला आर्टरी फोर्सेप्स लटकवू नका, तिच्या वजनाने नर्व्ह दिवसभर ओढली जाते, दोन टोकांची नुसती गाठ मारा. पुढे सरकवायची का जागीच ठेवायची यावर अजून एकमत नाही, मी प्लेटवर घासत असेल तरच सरकवतो. पण कुठे ठेवली ते लिहा.

आत शिरायचं कसं, हेही प्लेटशी जोडलेलंच आहे. सांधा नीट दिसायला हवा असेल, सी-3 असेल, तर ओलेक्रेनॉन ऑस्टिओटॉमी. टोक खाली असलेला इंग्रजी व्हीसारखा काप, खाचेतल्या कार्टिलेज नसलेल्या पट्ट्यात, आणि कापायच्या आधी परत जोडायच्या स्क्रूचं ड्रिल करून ठेवायचं, हे विसरलात तर शेवटी थकलेल्या हाताने तुकडा जुळवताना आठवण येईल. करवतीने तीन चतुर्थांश, उरलेलं छिन्नीने तडकवायचं, म्हणजे खडबडीत कडा एकमेकांत बरोबर बसतात. सी-1 असेल, किंवा पेशंट म्हातारा आणि वेळ पडली तर टोटल एल्बो करावी लागेल अशी शंका असेल, तर ट्रायसेप्सच्या दोन्ही बाजूंनी जा, ओलेक्रेनॉन कापू नका. एल्बो रिप्लेसमेंट करायचं आणि ओलेक्रेनॉन आधीच कापून ठेवलाय, हे लफडं निस्तरायला फार वेळ जातो.

म्हाताऱ्यांचं निघालंच आहे तर, 2009 मध्ये कॅनडातल्या सर्जन लोकांनी 65 च्या वरच्या पेशंटमध्ये प्लेटिंग आणि टोटल एल्बो यांची तुलना छापली, त्यात प्लेटिंगला निवडलेल्या 20 पैकी 5 जणांना टेबलावरच रिप्लेसमेंटकडे वळवावं लागलं कारण प्लेट धरेचना. तेव्हा पर्याय हाताशी ठेवा. पण रिप्लेसमेंट केलं की त्या हाताने आयुष्यभर साधारण 5 किलोच्या वर उचलायचं नाही. आमच्याकडच्या सत्तरीच्या आजी हंडा-कळशी उचलतात, गाईला पेंड घालतात, त्यांना हे आधी सांगा आणि मग ठरवा. सांगितल्यावर "डॉक्टर, मग राहू द्या ते" म्हणणाऱ्या आज्या मी बघितल्यात.

आता ओलेक्रेनॉन. इथे पहिला प्रश्न प्लेट का तार. सरळ आडवं, दोन तुकड्यांचं, सांधा जागेवर, अशा फ्रॅक्चरला टीबीडब्ल्यू (टेन्शन बँड वायरिंग, म्हणजे तारेने आवळणं) उत्तम आणि स्वस्त. पण चुरा असेल तर तार आवळली की खाच आखडते, आणि आखडलेल्या खाचेत ट्रॉक्लिया अडकून बसते. म्हणून चुरा, तिरकी रेघ, खाचेच्या मध्याच्या खाली कोरोनॉइडकडे गेलेलं फ्रॅक्चर किंवा सांधा निखळलेला, यातलं काहीही दिसलं की प्लेट. साध्या फ्रॅक्चरला पण प्लेटच लावावी का, तर एडिनबरामध्ये याची ट्रायल झाली, 2017 मध्ये छापून आली, वर्षाअखेर हाताच्या कामात फरक नाही, तारवाल्यांपैकी निम्म्यांची तार टोचते म्हणून काढावी लागली, प्लेट काढावी लागणारे साधारण पाचात एक, पण इन्फेक्शन झाली ती सगळी प्लेटवाल्यांत. म्हणजे कुठलं दुखणं परवडेल ते बघा. कातडी पातळ, डायबेटिस, वर खरचटलेलं, तर मी तारेकडे झुकतो. फारच वय, काम कमी, ट्रायसेप्सचा थोडा जोर कमी झाला तरी चालणारं असेल तर काहीच न करता नुसतं हलवायला लावणं हाही पर्याय आहे, आणि तो लाजिरवाणा अजिबात नाही.

प्लेट मागून, ट्रायसेप्सला मधे छोटी चीर देऊन हाडावरच टेकवायची, वर तरंगत ठेवली की टोकाला कातडी फाडते. वरचा तुकडा छोटा असेल तर प्लेटच्या दोन-तीन स्क्रूंवर विसंबू नका, ट्रायसेप्समधून जाड शिवण घेऊन प्लेटला किंवा खालच्या हाडाला बांधा, नाहीतर महिन्याने पेशंट येतो आणि एक्सरेत प्लेट जागेवर, तुकडा मात्र वर पळालेला.

आणि आता माझी फजिती. नोकरीची सुरुवातीची वर्षं, रात्रीची केस, मोन्टेजियासारखं, अल्ना वरती चुरलेली आणि रेडियल हेड निखळलेलं. मी एक छान सरळ लांब प्लेट घेतली, अल्ना तिच्यावर चोपून सरळ बसवली, सी-आर्ममध्ये रेघ अशी की फूटपट्टी ठेवावी. आणि रेडियल हेड काही केल्या बसेना. हात वाकवला की आत, सरळ केला की टुणकन बाहेर. मला वाटलं अॅन्युलर लिगामेंट मधे अडकलं असणार, म्हणून बाहेरून वेगळी चीर दिली, तास घालवला, तिथे काहीही नव्हतं. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघतोय, मी घामाघूम. शेवटी सरांना फोन केला, ते झोपेतच म्हणाले, "अल्ना सरळ केलीस ना? देवाने सरळ केलेली नाही ती." मुद्दा एवढाच की अल्नाला वरच्या टोकाला मागच्या बाजूने एक बाक असतो, सरासरी 5 ते 6 अंश, टोकापासून साधारण 5 सेंमीवर, शिवाय बाजूलाही थोडा कल असतो. तो बाक सपाट केला की रेडियल हेड पुढे सरकतं. प्लेट काढली, बेंडरवर जराशी वाकवली, परत लावली, रेडियल हेड आपलं आपण बसलं. तेव्हापासून मी दुसऱ्या, चांगल्या कोपराचा लॅटरल एक्सरे काढल्याशिवाय अल्नाची प्लेट निवडत नाही, कारण हा बाक माणसागणिक वेगळा असतो आणि कंपनीने दिलेला आकार तुमच्या पेशंटला विचारून दिलेला नसतो.

रेडियल हेडचं थोडक्यात. तुकडे तीनपेक्षा जास्त असतील तर जिगसॉ जुळवत बसू नका, रिप्लेसमेंट करा. दोन-तीन मोठे तुकडे आणि मान शाबूत असेल तर बिनडोक्याचे स्क्रू आत बुडवून भागतं, प्लेट लागते ती मान चुरली असेल तर. प्लेट लावायची जागा ठरलेली, कारण हेड गोल फिरतं आणि त्याचा बहुतेक भाग अल्नाच्या खाचेत घासतो, न घासणारा पट्टा साधारण 110 अंशांचाच. तो ओळखायची सोपी खूण म्हणजे मनगटाशी रेडियल स्टायलॉइड आणि लिस्टर्स ट्युबर्कल, या दोघांच्या मधला कोन वर हेडवर नेला की तोच पट्टा. हात न्यूट्रल ठेवून थेट बाहेरच्या बाजूला प्लेट ठेवली तरी तिथेच बसते. काम करताना हात पालथा ठेवा, म्हणजे पीआयएन (बोटं सरळ करणारी नर्व्ह) लांब जाते. प्लेट मानेवर फार खाली नेऊ नका. आणि हेड नुसतं काढून टाकायचं तर आधी मनगट दाबून बघा, दुखत असेल तर थांबा, रेडियस-अल्नाच्या मधला पडदा फाटला असण्याची शक्यता आहे, हेड काढलं तर रेडियस वर सरकत जाईल.

कोरोनॉइडचा आतल्या बाजूचा तुकडा, अँटेरोमीडियल फॅसेट, एक्सरेत शेंगदाण्याच्या फोलपटाएवढा दिसतो आणि लोक सोडून देतात. तो सुटला की कोपर आत कलतं आणि दोन-चार वर्षांत सांधा झिजतो. त्याला मीडियल बाजूने छोटी बट्रेस (टेकू देणारी) प्लेट लागते. टेरिबल ट्रायडमध्ये (कोपर निखळणं, शिवाय रेडियल हेड आणि कोरोनॉइड मोडणं) क्रम आतून बाहेर, आधी कोरोनॉइड, मग रेडियल हेड, मग बाहेरचं लिगामेंट.

स्टील का टायटॅनियम हे नातेवाईक हमखास विचारतात. "चांगलंवालं" लावा म्हणतात. कोपराला दोन्ही चालतात, स्टीलने कोणाचं नुकसान झालेलं नाही, आणि टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू काही वर्षांनी प्लेटला असे चिकटतात की काढताना डोकी गुळगुळीत होतात. पैशाची ओढाताण असेल तर स्टील घ्या आणि वाचलेले पैसे फिजिओथेरपीला ठेवा, हे मी तोंडावर सांगतो.

टाके घालायच्या आधी टेबलावरच कोपर पूर्ण वाकवा, पूर्ण सरळ करा, फिरवा, सी-आर्म चालू ठेवून. काही कचकचलं, हललं, अडलं तर आत्ताच. मग दोन-तीन दिवसांत सूज उतरली की पेशंटला स्वतःचा हात स्वतः हलवायला लावा. स्वतः, हे महत्त्वाचं. डिस्चार्जच्या वेळी मी नातेवाइकांतल्या सगळ्यात वयस्क बाईला किंवा बाबांना पुढे बोलावतो, कारण घरात तेल कोमट करून कोपर चोळायचं ठरवणार ते तेच असतात, आणि पलीकडच्या गावचा हाडवैद्यही त्यांच्याच ओळखीचा असतो. त्यांना सांगतो की कोपर चोळलं, जोराने ओढलं तर आत मांसात हाड तयार होतं आणि सांधा कायमचा अडकतो, तेव्हा मालिश गुडघ्याला करा, कंबरेला करा, या कोपराला तेलाचं बोट लावायचं नाही. मागच्या पावसाळ्यात एका आजोबांनी हे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "बरं, मग तूप चालेल का?"